पिंप, कागदाची सुरळी आणि छातीतला आवाज

पिंप किती भरलंय हे झाकण न उघडता ओळखायचं असेल तर बोटाने ठोकत ठोकत खाली जायचं. वरचा रिकामा भाग घुमतो, आतल्या द्रवाची पातळी आली की आवाज बसका होतो. लिओपोल्ड औएनब्रुगर हा ऑस्ट्रियातल्या ग्राट्सचा, एका खाणावळवाल्याचा मुलगा. ही विद्या तो लहानपणी तळघरातल्या पिंपांवरच शिकला, असं सांगतात. पुढे तो व्हिएन्नात डॉक्टर झाला आणि रोग्यांच्या छात्या ठोकू लागला.

तर्क तोच. हवेने भरलेलं फुफ्फुस घुमतं. त्याच्याभोवती पाणी साचलं की तिथे नुसतं ढब्ब वाजतं. पण औएनब्रुगर तर्कावर थांबला नाही. मृतदेहांच्या छातीत पाणी सोडून आवाज नेमका कुठे बदलतो हे त्याने पडताळलं आणि 1761 साली लॅटिनमध्ये छोटंसं पुस्तक काढलं. बहुतेक डॉक्टरांनी त्याकडे दुर्लक्ष केलं. (या गृहस्थाने पुढे सालिएरी या संगीतकाराच्या एका ऑपेराची संहिताही लिहिली. कान तयार असावा!) 1808 मध्ये नेपोलियनचा डॉक्टर कोर्व्हिझार याने पुस्तक फ्रेंचमध्ये आणलं. हा शोध स्वतःच्या नावावर खपवणं त्याला सहज जमलं असतं. त्याने श्रेय ज्याचं त्याला दिलं. पुढच्याच वर्षी औएनब्रुगर वारला.

कोर्व्हिझारचा एक विद्यार्थी म्हणजे रने लेनेक. 1816 साली पॅरिसमध्ये त्याच्यासमोर हृदयविकाराची लक्षणं असलेली एक तरुणी आली. ती अंगाने स्थूल, त्यामुळे ठोकून काही कळेना. छातीला थेट कान लावायची पद्धत फार जुनी, पण इथे ते प्रशस्त दिसलं नसतं. तेव्हा त्याला एक साधी गोष्ट आठवली: लांब लाकडाच्या एका टोकावर टाचणीने खरवडलं, तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला ते स्वच्छ ऐकू येतं. त्याने कागदांची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं, दुसऱ्याला कान लावला. नुसत्या कानाने कधी ऐकले नव्हते इतके स्पष्ट ठोके ऐकू आले. मोकळ्या हवेत आवाज चहूकडे पसरून विरतो. सुरळीत त्याला पसरायला वाव नव्हता.

म्हणजे स्टेथोस्कोप जन्मला तो संकोचातून.

लेनेकने पुढे लाकडाची सुमारे 30 सेंटिमीटर लांबीची नळी स्वतः कातून घेतली. तिला वेगळं नाव द्यायची गरज त्याला आधी वाटली नव्हती, तो नुसतं 'सिलिंडर' म्हणे. माझ्या मते, त्याची खरी कामगिरी नळी ही नव्हेच. जिवंत रोग्याच्या छातीत ऐकलेला प्रत्येक आवाज तो टिपून ठेवी, आणि रोगी दगावला तर शवविच्छेदनात तिथे काय सापडतं ते ताडून पाही. कुठला आवाज म्हणजे कुठला बिघाड, याचा जणू कोशच तयार झाला. 1819 साली तो पुस्तकरूपाने आला.

त्यात एक नाजूक अडचण होती. काही आवाजांसाठी त्याने वापरलेला फ्रेंच शब्द लोकांना मरणाची घरघर म्हणून माहीत होता. आपल्याकडे 'घरघर लागली' म्हटल्यावर ऐकणाऱ्याचं जे होईल, तेच तिथल्या रोग्याचं होई. म्हणून रोग्यासमोर बोलताना लेनेक 'राँकस' हा लॅटिन शब्द वापरी. तो आजही डॉक्टरांच्या बोलण्यात आहे.

दोन्ही कानांना लावायचे स्टेथोस्कोप 1850च्या दशकाच्या सुरुवातीला आले. तोवर डॉक्टर एका कानानेच ऐकत होते.

लेनेकने ते पाहिले नाहीत. तो 1826 साली, वयाच्या 45व्या वर्षी क्षयाने गेला. त्याच्या नात्यातल्याच एका तरुण डॉक्टरने त्याची छाती तपासून काय ऐकू येतंय ते सांगितलं होतं. त्याचा अर्थ लेनेकला समजावून सांगायची गरज पडली नसणार.