साचा एकच, डोळे वेगळे

चतुर्थीच्या महिना-दीड महिना आधी गोव्यातल्या कुठल्याही चित्रशाळेत डोकावलं, तर चिकणमातीच्या ओल्या वासात एकाच साच्यातून निघालेले वीस-पंचवीस गणपती ओळीने वाळत ठेवलेले दिसतात. सगळे सारखे, आणि डोळे एकालाही नाहीत. डोळ्यांची आखणी शेवटी, प्रत्येक मूर्तीसमोर बसून हाताने व्हायची असते. डेस्कटॉप सपोर्टचं, म्हणजे शाळा-कार्यालयांतले संगणक बसवून चालते ठेवण्याचं, काम शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या तासाला हेच सांगतो. फोंडा, डिचोली, पेडण्याहून आलेल्या या मुलांनी सिस्टम इमेज पाहिलेली नसते, पण चित्रशाळा लहानपणापासून पाहिलेली असते.

एखाद्या शाळेत तीस नवे संगणक आले असं समजा. प्रत्येकावर विंडोज, ड्रायव्हर, ऑफिस, अँटिव्हायरस, प्रिंटर असं सगळं हाताने घालायचं, तर एकेका संगणकाला दोन-तीन तास सहज जातात. शिवाय विसाव्या संगणकाशी पोचेपर्यंत माणूस काहीतरी विसरतोच. म्हणून एक संगणक नीट तयार करायचा, त्याची प्रत काढायची आणि तीच प्रत बाकीच्यांवर उतरवायची. या प्रतीला इमेज म्हणतात. अशी प्रत काढण्याची, म्हणजे क्लोनिंगची, बरीच जुनी साधनं डिस्कचा सेक्टर न सेक्टर, म्हणजे तिचा प्रत्येक बारीक कप्पा, उचलायची. व्हिस्टा या विंडोजच्या आवृत्तीबरोबर रूढ झालेला विम हा प्रकार फाइलींच्या पातळीवर काम करतो. प्रत्येक फाइलीच्या आतल्या मजकुराचा गणिती ठसा काढून तो पाहतो, आणि दोन ठिकाणी तीच फाइल असली तर ती एकदाच साठवतो. त्यामुळे इमेज आटोपशीर राहते आणि वेगळ्या आकाराच्या डिस्कवरही बसते.

प्रत काढण्याआधी मात्र तयार केलेल्या मूर्तीचे डोळे पुसावे लागतात. विंडोज बसवताना प्रत्येक संगणकाला स्वतःची एक ओळख मिळते, तिला एसआयडी म्हणतात. तिच्या गाभ्यात ३२ बिटांच्या तीन यादृच्छिक संख्या असतात. इमेज तशीच उतरवली, तर तिसांनाही तीच ओळख मिळते. सिसप्रेप नावाचा प्रोग्राम ही ओळख, संगणकाचं नाव, त्या विशिष्ट यंत्राच्या खुणा पुसून टाकतो. नव्या संगणकावर पहिल्यांदा विंडोज सुरू होताना त्या पुन्हा नव्याने तयार होतात.

या एसआयडीवरून आमच्या धंद्यात बरीच वर्षं वाद चालला. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच मार्क रुसिनोविच यांनी लिहिलं की दोन संगणकांची एसआयडी सारखी असल्याने प्रत्यक्षात काही बिघडत नाही. ती बदलण्यासाठी त्यांनी स्वतः बनवलेलं न्यूएसआयडी हे साधनही मागे घेतलं. सिसप्रेप वापरा, असं मायक्रोसॉफ्ट तरीही सांगत राहिली. पण ‘काही बिघडत नाही’ एवढंच अनेकांच्या लक्षात राहिलं आणि थेट क्लोन करण्याची सवय लागली. मग २०२५ च्या ऑगस्टअखेरीपासून आलेल्या विंडोजच्या अपडेटांनी ही ओळख काटेकोरपणे तपासायला सुरुवात केली, आणि सारखी एसआयडी असलेले संगणक एकमेकांच्या फोल्डरमध्ये शिरेनासे झाले. पासवर्ड बरोबर, तरी प्रवेश नाही. सोळा वर्षं जे चालून गेलं ते एका अपडेटने उघडं पडलं. मुलांना मी ही गोष्ट तपशिलाने सांगतो, कारण चालतंय म्हणजे बरोबर आहे असं मानायची सवय इथेच मोडता येते.

आता इमेज तिसांवर पोचवायची. संगणकाची डिस्क कोरी असली तरी नेटवर्क कार्डाला एक छोटी युक्ती येते, तिचं नाव पीएक्सई. ते नेटवर्कवर हाक मारतं, सर्व्हर, म्हणजे इमेज ठेवलेला मुख्य संगणक, त्याला पत्ता देतो आणि कोणती फाइल आणायची ते सांगतो. ती येते टीएफटीपी या १९८१ च्या साध्यासुध्या नियमाने: मुळात ५१२ बाइटचा एक तुकडा, मग पोच, मग पुढचा तुकडा. एवढ्यातून विंडोज पीई नावाचं लहानसं विंडोज थेट रॅममध्ये उभं राहतं. ते डिस्कला टेकलेलं नसल्यामुळे डिस्क पुसून तिच्यावर इमेज लिहायला मोकळं असतं.

इमेज आठ जीबीची धरा; एका बाइटचे आठ बिट, म्हणजे चौसष्ट गिगाबिट. सर्व्हरची तार गिगाबिटची, म्हणजे सेकंदाला एक गिगाबिट नेणारी, असेल तर कागदावर एका संगणकाला चौसष्ट सेकंद आणि तिसांना वेगवेगळी पाठवली तर बत्तीस मिनिटं. मल्टिकास्टने पाठवली तर सर्व्हर एकदाच बोलतो आणि सगळे एकदम ऐकतात, म्हणजे पुन्हा चौसष्ट सेकंद. प्रत्यक्षात डिस्कवर लिहायला जास्त वेळ लागतो, पण प्रमाण हेच.

यातली मेख आम्हाला एका पावसाळ्यात कळली. सगळी प्रयोगशाळा गोगलगायीच्या चालीने चालली होती. दोष निघाला खिडकीजवळच्या एका केबलमध्ये. इथल्या खाऱ्या, दमट हवेत तिच्या टोकावरचा धातू गंजला होता. गिगाबिटला तारेच्या चारही जोड्या लागतात, शंभर मेगाबिटला दोन पुरतात. एक जोडी निकामी झाली आणि तो संगणक गुपचूप शंभरवर, म्हणजे दहाव्या हिश्शाच्या वेगावर, उतरला. पालखी जशी सगळ्यांत सावकाश चालणाऱ्याच्या पावलाने जाते, तसा मल्टिकास्टचा एकच प्रवाह सगळ्यांत मंद संगणकाच्या वेगाने वाहतो. एका केबलने चौसष्ट सेकंदांचे साडेदहा मिनिटांहून जास्त केले. तेव्हापासून सुरुवात करण्याआधी स्विचवरचे, म्हणजे सगळ्या केबली जिथे जोडतात त्या डब्यावरचे, गिगाबिटचे दिवे मोजायला मी लावतो.

इमेजमध्ये सगळंच कोंबू नये. जे वारंवार बदलतं ते वेगळ्या पॅकेजने, म्हणजे नेटवर्कवरून पाठवायच्या इन्स्टॉलरच्या गठ्ठ्याने, पाठवावं. पॅकेज सायलेंट हवं, म्हणजे ‘नेक्स्ट’ दाबायला कुणी नसताना बसणारं. कारण ते सिस्टम नावाच्या विंडोजच्या स्वतःच्या खात्यातून, पडद्यामागे चालतं. तिथे एखादी खिडकी उघडली तर ती कुणालाच दिसत नाही आणि इन्स्टॉलर तासन्‌तास बटणाची वाट पाहत बसतो. काम संपलं की तो एक आकडा परत देतो. शून्य म्हणजे झालं. ३०१० म्हणजेही झालंच, फक्त रीस्टार्ट हवा. नवी मुलं याला बिघाड समजून पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करतात. १६१८ म्हणजे दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे, थांबा. १६०३ मात्र नुसतं ‘फसलं’ एवढंच सांगतो. तेव्हा सविस्तर लॉग, म्हणजे इन्स्टॉलरने लिहिलेली नोंदवही, उघडून ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ शोधायचं आणि त्याच्या वरच्या ओळी वाचायच्या.

आणि शून्यावरही विसंबू नये. एका कार्यालयात आम्ही देवनागरी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सुरू करणारं पॅकेज सगळीकडे पाठवलं. अहवालात सगळीकडे शून्य. दुसऱ्या दिवशी तिथल्या बाईंचा फोन आला, “अहो, मराठी कुठे दिसतच नाही!” आम्ही आधी त्यांनाच ‘पुन्हा बघा’ म्हटलं, याची मला अजून लाज वाटते. कीबोर्डची निवड विंडोज प्रत्येक वापरकर्त्याच्या खात्यात वेगळी लिहितो. आमचं पॅकेज चाललं सिस्टमच्या खात्यात, म्हणून मराठी मिळाली ती सिस्टमला, जो कधीच काही टंकत नाही. माणूस लॉगिन करेल तेव्हा त्याच्याच खात्यातून ही सेटिंग चालवणं हा उपाय होता. सगळ्यांचं काय आणि एकेकाचं काय, ही साच्याची आणि डोळ्यांचीच गोष्ट इथे उलटी आडवी आली.

आधी दोन-तीन संगणकांवर पाठवून पाहायचं, मग एका खोलीत, मग सगळीकडे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट सगळीकडे एकदम गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्या देशातल्या विमानतळांवरही बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. बहुतेक संगणक दुरुस्त करायला कुणालातरी एकेकापुढे जाऊन बसावं लागलं.

आता शेवटची परीक्षा अशी घेतो: कीबोर्डचं पॅकेज तिसांवर पाठवा, मग प्रत्येकावर ॲडमिन नव्हे, साध्या वापरकर्त्याचं नवं खातं उघडून ‘ज्ञानेश्वर’ टंकून दाखवा. मागच्या बॅचला सत्तावीस पडद्यांवर नाव उमटलं. उरलेले तीन संगणक पॅकेज निघालं त्या वेळी बंद होते. पेडण्याच्या मुलाने अहवालात त्यांच्यापुढे ‘फसलं’ न लिहिता ‘पोचलं नाही’ असं लिहिलं, आणि ते सुरू करून ठेवूनच तो बस पकडायला गेला.