परदेशातल्या युद्धाविरुद्ध शहराचा ठराव: विस्कॉन्सिनमध्ये अर्ज कसा करायचा

4 एप्रिल 2006 ला अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या 32 गावाशहरांच्या मतपत्रिकेवर एक जादा प्रश्न होता: इराकमधून सैन्य परत आणावं का? 24 ठिकाणी ‘हो’ जिंकलं. राज्याची राजधानी मॅडिसन त्यात होतीच. रस्ते, कचरा आणि बर्फ काढणं बघणाऱ्या नगरपालिकांच्या हद्दीत हा प्रश्न आला, तो अनेक ठिकाणी नागरिकांच्या अर्जातून. त्यासाठी राज्याच्या कायद्यात कलम 9.20 आहे. ते आजही आहे, पण 2023 च्या कायद्याने नुसत्या सल्ल्यापुरत्या मतदानावर बंधनं आणली, म्हणून आधी वकिलाला विचारा.

पण आधी सोपा रस्ता बघा. आपल्या वॉर्डाच्या आल्डरला (म्हणजे नगरसेवकालाच) ठराव मांडायला सांगा. शिकागोत जानेवारी 2003 मध्ये नगर परिषदेने इराक युद्धाविरुद्धचा ठराव 46 विरुद्ध 1 मतांनी केला. न्यूयॉर्कमध्ये मार्चमध्ये 31 विरुद्ध 17 झाला. दोन्हीकडे सह्यांच्या अर्जाची गरज पडली नाही. आल्डर तयार असेल तर उगाच सह्यांच्या मागे लागू नका.

तो तयार नसेल, किंवा परिषद विषय टाळत असेल, तर कलम 9.20. हे कलम सिटी आणि व्हिलेज यांनाच लागू आहे. गव्हर्नरपदाच्या मागच्या निवडणुकीत तुमच्या शहरात त्या पदासाठी जेवढी मतं पडली, त्याच्या 15 टक्के सह्या हव्यात. इथे लोक हटकून चुकतात आणि नोंदणीकृत मतदारांवर टक्केवारी काढतात. 10,000 मतं पडली असतील तर 1,500 सह्या. प्रत्यक्षात 1,800 तरी गोळा करा, बाद होतातच.

सही कोण करू शकतो?

अमेरिकेचा नागरिक, वय 18 पूर्ण, त्या शहरात सलग 28 दिवस राहणारा. मतदार यादीत नाव असलंच पाहिजे असं नाही, मतदानाला पात्र असणं पुरेसं आहे. ग्रीन कार्ड किंवा एच-वन-बी वाल्यांची सही मात्र चालत नाही, कितीही वर्षं राहिले असले तरी. परिषदेच्या सभेत लोकांना बोलायला वेळ असतो, तिथे त्यांनी जरूर बोलावं.

कागद

ठरावाचा पूर्ण मजकूर अर्जाला जोडलेला हवा. परिषदेला तो जसाच्या तसा मंजूर करावा लागतो, काना-मात्रा बदलता येत नाही, म्हणून तो आधीच वकिलाला दाखवा. सही कागदावरच, ऑनलाइन मोहिमेतली हजारो नावं इथे शून्य. प्रत्येक सहीसमोर सुवाच्य अक्षरात नाव, घराचा पत्ता आणि तारीख. नवरा कामावर गेलाय म्हणून बायकोने त्याची सही ठोकली, तर ती बाद. दाखल करण्याच्या दिवसापासून मागे 60 दिवसांतल्याच सह्या धरतात. पानाच्या तळाशी सह्या गोळा करणाऱ्याचं प्रमाणपत्र असतं. ते सगळ्यांत शेवटी भरा, कारण प्रमाणपत्रानंतरच्या तारखेच्या सह्या मोजत नाहीत. कामात उत्साही पण तारखेला ढिला असा एक कार्यकर्ता अख्खा गठ्ठा बुडवू शकतो.

गठ्ठा सिटी क्लार्ककडे (शहराचं दप्तर आणि निवडणुका बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे) द्यायचा. तो 15 दिवसांत तपासतो. त्रुटी असल्या तर लेखी कळवतो आणि दुरुस्तीला 10 दिवस मिळतात. अंतिम दाखला मिळाला की परिषदेला 30 दिवस: एकतर ठराव करा, नाहीतर मतदारांपुढे ठेवा. मतदान एप्रिलच्या किंवा नोव्हेंबरच्या निवडणुकीत होतं, पण परिषदेच्या निर्णयापासून मतदानापर्यंत 70 दिवसांहून जास्त अंतर हवं. नसेल तर थेट त्यापुढची निवडणूक. असा मंजूर ठराव महापौर नाकारू शकत नाही आणि दोन वर्षं परिषद स्वतःहून मोडूही शकत नाही.

मजकुरात काय लिहावं?

माझं मत विचाराल तर नुसतं ‘युद्ध नको’ लिहू नका. जून 2011 मध्ये बाल्टिमोरला देशभरच्या महापौरांच्या परिषदेने मागणी केली ती युद्धाचा पैसा घरी आणा अशी: रोजगाराला, पायाभूत सुविधांना, नगरपालिकांना द्या. तुमच्या गावातला वजनमर्यादेची पाटी लागलेला पूल, बंद पडलेला बसमार्ग, शिशाचे जुने नळ नावानिशी लिहा. युद्धाबद्दल मत नसलेला माणूसही त्या पुलावरून जातोच.

आणि बहिष्काराची कलमं घालू नका. मॅसॅच्युसेट्सने बर्माशी धंदा करणाऱ्या कंपन्यांची राज्य-खरेदी अडवली होती. 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द केला. मत व्यक्त करणं वेगळं, परदेशावर निर्बंध लादणं वेगळं.

ठराव झाला की ‘प्रत काँग्रेसला (म्हणजे अमेरिकेच्या संसदेला) पाठवावी’ हे वाक्य मजकुरातच असू द्या, नाहीतर तो क्लार्कच्या कपाटातच राहतो. प्रत आपल्या प्रतिनिधीला आणि दोन्ही सेनेटरना जाते. काँग्रेसच्या सभागृहाच्या कार्यालयात पोचली, तर काँग्रेसच्या कामकाजाच्या छापील नोंदीत ‘अर्ज’ या सदराखाली एक ओळ येते: अमुक शहराच्या परिषदेचा, अमुक विषयाबाबत, अमुक समितीकडे वर्ग.