सिग्नल लागतो, सुटतो, पडतो

ठाण्यातून पुण्यात आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात रिक्षावाल्याला सांगितलं, 'पुढच्या नाक्यावर सोडा.' त्यानं मान वळवून विचारलं, 'नाका? टोलनाक्यापर्यंत जायचंय?' मला फक्त समोरच्या चौकात उतरायचं होतं.

रस्ते एकमेकांना भेटतात त्या जागेला मराठीत एक नाव नाही. पुण्यात सगळे चौकच: अप्पा बळवंत चौक, अलका टॉकीज चौक. मुंबई-ठाण्याकडे नाका, मग तिथं कर वसूल करणारा कुणी असो वा नसो. कोल्हापुरात मिरजकर तिकटी, मुंबई-गोवा महामार्गावर रत्नागिरीकडे वळताना हातखंबा तिठा. या दोन्ही शब्दांत 'ति' म्हणजे तीन, म्हणजे रस्त्यांची मोजणी नावातच झालेली. नागपूरकर चौक म्हणतात तसंच 'व्हरायटी स्क्वेअर'ही म्हणतात. बेळगावात चन्नम्मा सर्कल, कारण कर्नाटकात कुठल्याही मोठ्या चौकाला सर्कल म्हणायची रीत आहे, त्याला गोलाई असलीच पाहिजे असं नाही. आणि हमरस्त्यावरून गावाकडे रस्ता फुटतो तो फाटा, झाडाला फुटतो तसा.

यातला नाका मला सगळ्यात मजेशीर वाटतो. माल शहरात शिरताना जकात द्यायची ती जागा म्हणजे नाका. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हा संपली, पण शब्दानं त्याच्या कितीतरी आधी जकातीशी नातं तोडलं होतं. रोजंदारीच्या कामासाठी सकाळी उभे राहणारे ते नाका कामगार. नाक्यावरची पोरं म्हणजे टवाळ पोरं. पुण्यात हीच पोरं चौकात उभी असतात.

असे शब्द नकाशावर मांडले की बोलीभाषांच्या सीमा दिसू लागतात. बोलीविज्ञान हेच काम करतं. एका वस्तूला कुठं काय म्हणतात ते विचारायचं, गावागणिक नोंदायचं आणि शब्द बदलतो तिथं रेघ ओढायची. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं मराठी बोलींसाठी असं सर्वेक्षण केलं आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातून झालेल्या अशाच पाहणीत एक प्रश्न चक्क चौकाचा होता: अनेक रस्ते एका गोलात येऊन मिळतात त्याला तुम्ही काय म्हणता? मॅसॅच्युसेट्सच्या बाजूला उत्तर आलं 'रोटरी', इतरत्र 'ट्रॅफिक सर्कल' किंवा 'राउंडअबाउट'.

चौकाला इतकी नावं, मग त्यात उभ्या असलेल्या दिव्याला सगळीकडे 'सिग्नल' हे एकच नाव का? चौक हे दिव्याच्या कितीतरी आधीपासून होते आणि ज्या त्या गावानं आपापल्या चौकाला नाव दिलं. सिग्नल मात्र तयार वस्तू म्हणून आला, नावासकट. तोही आधी रेल्वेबरोबर. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ साली धावली, रस्त्यावरचा दिवा त्यानंतरचा. जगात रस्त्यावरचा पहिला सिग्नल लंडनला पार्लमेंटसमोर १८६८च्या डिसेंबरात लागला. त्याची कल्पना मांडणारे जॉन पीक नाइट रेल्वेतलेच. दिवसा त्याचे हात वरखाली होत, रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे. महिनाभरातच गॅसचा स्फोट होऊन तो चालवणारा पोलीस जखमी झाला आणि प्रयोग गुंडाळला गेला.

दक्षिण आफ्रिकेत मात्र नाव वेगळंच रुजलं. तिथं पत्ता सांगतात, 'पुढच्या रोबोटला डावीकडे वळा.' कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२०च्या नाटकातून 'रोबोट' शब्द जगभर पसरला. त्याचं मूळ आहे चेक भाषेतला 'रोबोटा', म्हणजे वेठबिगारी. पोलिसाच्या जागी यंत्र उभं राहिलं तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांना त्यात यांत्रिक हवालदार दिसला. ब्रिटनमध्ये ते नाव विरून गेलं, आफ्रिकेत टिकलं.

आपण नाव बदललं नाही, पण क्रियापदं सगळी घरची लावली. एका भाषेतून दुसरीत नामं सहज जातात, क्रियापदं अडून बसतात, हे भाषाअभ्यासकांना जगभर दिसलेलं आहे. मराठीनं त्यावर आपला तोडगा काढला: 'टर्न' उसना घ्यायचा आणि तो 'मारायचा' किंवा 'घ्यायचा'. सिग्नलचंही तसंच. 'सिग्नल लागला' म्हटलं की तो लालच असणार, रंग सांगावा लागत नाही. ठेच लागते, नजर लागते, घाट लागतो, तसा हा वाटेत आपल्याला लागतो. मग तो सुटतो, शाळा सुटावी तसा. ज्याला धीर नाही तो सिग्नल तोडतो. (हिरवा असताना थांबून राहणाऱ्यासाठी मराठीत क्रियापद नाही, त्याच्यासाठी मागच्यांचे हॉर्न असतात.)

'पडला'ची गंमत निराळी. रेल्वेच्या जुन्या सिग्नलला लाकडी किंवा पत्र्याचा हात असे. तो आडवा असला की थांबा, खाली झुकला की या. म्हणून रुळांशेजारच्या गावात 'सिग्नल पडला' म्हणजे गाडी येतेय, पिशव्या उचला. शहरातल्या रस्त्यावर मात्र 'अरे, सिग्नल पडला' हे लाल दिव्यासाठी ऐकू येतं. शब्द तेच, अर्थ बरोबर उलटा, कारण रस्त्यावरच्या दिव्याला पडायला हातच उरला नाही.

आता खांबावर उलटे मोजत जाणारे आकडेही दिसतात आणि त्यांच्यामुळे बोलण्यात भर पडतेय. 'नव्वदचा लागला' असं मागे बसलेला माणूस वैतागून म्हणतो. पुढचा विचारतो, 'किती राहिले?'

'बारा.'

सेकंद हा शब्द कुणी उच्चारतही नाही, तोवर पुढच्यानं गिअर टाकलेला असतो.