अंतराळविषयक व्हिडिओ गेमचे संगीत

अंतराळात घडणाऱ्या व्हिडिओ गेमसाठी मुद्दाम रचलेले मूळ संगीत. चित्रपटाच्या पार्श्वसंगीताशी त्याचे जवळचे नाते असले, तरी संगीतकारापुढची अडचण वेगळी असते. प्रसंग किती वेळ चालणार हे त्याला माहीत नसते. खेळणारा एखाद्या ग्रहावर ४० सेकंद थांबेल, नाहीतर ४० मिनिटे. त्यात निर्वात पोकळीतून ध्वनी जात नाही. जंगलातल्या खेळात पाखरे, पाऊस आणि पाचोळा मिळून निम्मे काम उरकतात; इथे मदतीला तसे कोणीच नाही. यानाच्या काचेबाहेरची शांतता ऐकू यायची तर तीही संगीतालाच ऐकवावी लागते.

या प्रकाराचा उगम चार स्वरांत शोधता येतो. जपानच्या टायटो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ मध्ये केलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये खर्जातले चार उतरते स्वर पुन्हा पुन्हा वाजत राहतात. परग्रहवासी मरत जातात तशी उरलेल्यांची चाल वाढते, कारण पडद्यावर हलवायच्या आकृत्या कमी झाल्या की प्रोसेसर बाकीच्या भरभर हलवतो. चालीबरोबर स्वरांची लयही चढत जाते आणि खेळणाऱ्याचा हात घाईला येतो. याला संगीत म्हणावे का, असा वाद घालता येईल. पण खेळातल्या घडामोडीने लय ठरवायची ही कल्पना तिथे पूर्णपणे आहे.

पुढची काही वर्षे यंत्राची ताकदच तोकडी होती. कमोडोर ६४ या संगणकाच्या ध्वनिचिपवर एका वेळी तीनच आवाज निघत. त्यावर १९८५ मध्ये आलेल्या ‘एलिट’ या अंतराळ-खेळाच्या आवृत्तीत यान अवकाशस्थानकाला आपोआप जोडले जाताना योहान श्ट्राउसचे ‘ब्लू डॅन्यूब’ वाजते. ती १९६८ च्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटाला दिलेली सरळ दाद होती. १९९९ च्या ‘होमवर्ल्ड’मध्ये आपला ग्रह जळताना दिसतो तेव्हा सॅम्युएल बार्बरची रचना समूहस्वरात ऐकू येते. दोन्ही जागा लोकांच्या लक्षात राहिल्या, मात्र दोन्ही चाली उसन्या.

मूळ रचना करणाऱ्याचे पहिले काम म्हणजे लूप, अर्थात न तुटता फिरत राहणारा तुकडा. तबल्याच्या एकलवादनात सारंगी किंवा हार्मोनियमवर लेहरा धरतात, त्याच्याशी याचे बरेच साम्य आहे. लेहरा स्वतःकडे लक्ष वेधत नाही, कंटाळा येऊ देत नाही आणि समेवर बिनचूक येतो. लूपकडूनही हेच हवे असते. फरक इतकाच की इथे तबलजीच्या जागी खेळणारा असतो आणि सम कुठे आहे याची त्याला फिकीर नसते.

हिशेब साधा आहे. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत चार मात्रांचा एक बार २ सेकंदांचा होतो, म्हणजे १६ बारांचा तुकडा ३२ सेकंदांत संपतो. पण बरोबर ३२ व्या सेकंदाला फाइल कापली, तर शेवटच्या स्वराची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, तुटते आणि जोड कानाला टोचतो. अंतराळ म्हटले की संगीतकार सिंथेसायझरच्या लांब सुरांवर रीव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, ओततात (जरा जास्तच ओततात), त्यामुळे ही आस कित्येक सेकंद रेंगाळते आणि जोड आणखी उघडा पडतो. उपाय म्हणून तुकडा सलग दोनदा वाजवून दुसरी फेरी तेवढी कापून घेतात. तिच्या सुरुवातीला पहिल्या फेरीची आस आधीच मिसळलेली असते.

दुसरे काम प्रसंग बदलेल तसे संगीत बदलण्याचे. त्यासाठी ‘एफमॉड’ आणि ‘वाइज’ ही सॉफ्टवेअर प्रचलित आहेत. त्यांत वाद्यांचे थर वेगवेगळे ठेवून गरजेप्रमाणे उघडता-मिटता येतात, किंवा पुढचा तुकडा सम येईपर्यंत थोपवून धरता येतो. २०१२ च्या ‘एफटीएल’ या खेळात संगीतकार बेन प्रंटी यांनी केलेली योजना याहून सोपी आणि फार नेटकी आहे. प्रत्येक प्रदेशाच्या संगीताची एक आवृत्ती भटकंतीची आणि दुसरी लढाईची. दोन्ही एकाच लयीत बरोबरीने चालू असतात. शत्रूचे यान समोर आले की एकीचा आवाज उतरतो आणि दुसरीचा चढतो. चाल तीच, पण खाली ढोल सुरू झालेला असतो.

‘नो मॅन्स स्काय’ (२०१६) या खेळात ग्रहांची संख्या १८ वर १८ शून्ये इतकी. प्रत्येकासाठी चाल बांधणे अशक्य, म्हणून शेफील्डच्या ‘सिक्स्टीफाइव्हडेजऑफस्टॅटिक’ या बँडने अल्बम रचला आणि त्याचबरोबर सुट्या सुरावटी व तालाचे तुकडेही पुरवले. पॉल वेअर यांच्या ध्वनियंत्रणेने ते खेळ चालू असतानाच जुळवायचे, अशी ही रचना. कल्पना मोठी आहे, पण कानात राहतो तो अल्बमच.

या क्षेत्रातले सर्वांत विचारपूर्वक काम ‘आउटर वाइल्ड्स’चे (२०१९) म्हणावे लागेल. अ‍ॅलेक्स बीचम यांच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील पदव्युत्तर प्रकल्पातून हा खेळ वाढला. संगीत अँड्र्यू प्राह्लो यांचे. २०२० मध्ये खेळाला सर्वोत्तम गेमचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. इथले यान लाकडाचे आणि ठिगळांचे, आणि त्याला शोभेल असे मुख्य वाद्य बँजो. ठिकठिकाणी पांगलेले प्रवासी शेकोटीशी आपापले वाद्य वाजवत बसलेले असतात : रीबेक बँजो, चर्ट ढोल, गॅब्रो बासरी, फेल्डस्पार माउथ ऑर्गन. चंद्रावरचा एस्कर नुसती शीळ घालतो. खेळणाऱ्याजवळ सिग्नलस्कोप नावाचे यंत्र असते. ते एका ग्रहावर रोखले की तिथले एकच वाद्य ऐकू येते. मात्र सूर्यमालेच्या कडेला जाऊन मागे वळून सगळे ग्रह एका टप्प्यात घेतले, की लक्षात येते की एकमेकांपासून इतक्या दूरवरून हे सारे एकच चाल, एकाच सुरात आणि लयीत वाजवत आहेत. निर्वातात आवाज कसा पोहोचला, हा प्रश्न त्या क्षणी कोणी विचारत नाही.

याच खेळात संगीत घड्याळाचेही काम करते. दर २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि काळ पुन्हा मागे जातो. पडद्यावर कोणताही काटा नाही. स्फोटाच्या दीडएक मिनिट आधी एक संथ, उदास सुरावट हलकेच सुरू होते एवढेच. दोन-चार फेऱ्यांत कानाला सवय होते. मग तिचे पहिले स्वर आले, की कोणी समोरचा शिलालेख वाचायची घाई करतो, तर कोणी सगळे सोडून सूर्य दिसेल अशा जागी जाऊन बसतो.