पेस्ट अजून ओली आहे, मग तीच चालेल?

संगणकाच्या प्रोसेसरवरचा हीटसिंक (त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) काढला, खाली दोघांमधली थर्मल पेस्ट ओलसर दिसली, की ‘तशीच दाबून बसवा’ असा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. पेस्ट सुकली की नाही, हा मुद्दाच नाही. हीटसिंक उचलताना पेस्ट दोन्हीकडे ओढली जाऊन तिचे उंचवटे-खळगे होतात. पुन्हा दाबल्यावर त्यांत हवा अडकते. हवेची उष्णतावाहकता साधारण ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विन, तांब्याची ४०० च्या आसपास. पेस्ट या दोन्हींच्या मधली, तांब्यापेक्षा फारच कमी. तिचं काम फक्त धातूंमधल्या बारीक फटीतली हवा हाकलणं. म्हणून जुन्यावर नवा थर चढवणंही नको.

९० टक्के किंवा त्याहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड घेऊन दोन्ही पृष्ठभाग पुसा, वाळू द्या. सर्वसाधारण आकाराच्या प्रोसेसरला मधोमध मटाराएवढा थेंब पुरतो. मोठ्याला थोडी जास्त लागते.

आणि हो, एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसवायच्या मदरबोर्डवरच्या जागेवर) हीटसिंक सरळ वर खेचू नका. चिकटलेला प्रोसेसर पिनांसकट उपटून येऊ शकतो! आधी थोडा वेळ संगणक चालवून पेस्ट गरम करा, मग तो बंद करून, प्लग काढून, हीटसिंक हलकेच पिळत सोडवा.