जो ताल कुणालाच ऐकू येत नाही

“अरे, एवढं सुरेख वाजवलंत, मग रडतोयस कशाला?”

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये, ‘ड्रम कोर’ नावाच्या वादनपथकांच्या स्पर्धेनंतर, अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियमबाहेर माझ्या मावसभावानं आपल्या मुलाला हे विचारलं. मुलगा काही बोलला नाही. मेलोफोन हे आपलं पितळी वाद्य पोटाशी घट्ट धरून उभा राहिला. आजूबाजूला वीस-एकवीस वर्षांची मुलंमुली एकमेकांच्या गळ्यात पडून हुंदके देत होती. त्यातली बरीचशी सहा फुटी आणि उन्हानं रापलेली होती. भावानं रात्री मला फोनवर हे सांगितलं आणि निष्कर्षही काढून टाकला : “वयच हळवं असतं रे.”

मला ते पटलं नाही. वीस-बावीसची पोरं कॉलेज सोडतानाही रडतात, पण अशी नाही. इथं काहीतरी वेगळं तुटत होतं, आणि ते काय असावं याचा शोध घेताना मी थेट ध्वनीच्या वेगापर्यंत जाऊन पोहोचलो.

आधी थोडी ओळख. ड्रम कोर म्हणजे फक्त पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि झेंडे-रायफली फिरवणारं पथक. बासरी-क्लॅरिनेट नाहीत. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या संघटना, चर्च आणि स्काउट यांच्या आधारानं ही पथकं वाढली. पुढे ‘ड्रम कोर इंटरनॅशनल’ ही संस्था निघाली आणि १९७२ साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावात तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. तरुणांच्या गटांचा नियम कडक आहे. त्या वर्षीच्या १ जूनपूर्वी ज्याची बावीस वर्षं पूर्ण झाली, त्याला मैदानात उतरता येत नाही. ज्यांचा शेवटचा उन्हाळा असतो त्यांना ‘एज-आउट’ म्हणतात. उन्हाळाभर शाळांच्या जिमच्या फरशीवर झोपायचं, रात्री बसनं पुढच्या गावी जायचं, दिवसभर उन्हात तालीम करायची. हे सगळं दहा-बारा मिनिटांच्या एका सादरीकरणासाठी.

आता मुद्द्याचं. अमेरिकन फुटबॉलचं मैदान दोन्ही गोल-रेषांमध्ये १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर लांब असतं. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर. म्हणजे एका टोकाचा ठोका दुसऱ्या टोकाला पोहोचायला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. हा वेळ क्षुल्लक वाटतो, पण मिनिटाला १८० ठोक्यांच्या लयीत एक मात्राच मुळी सेकंदाचा तिसरा भाग असते. थोडक्यात, या टोकाच्या वादकाला त्या टोकाचा ठोका पाऊण मात्रेहून थोडा जास्त उशिरा ऐकू येतो. आणि तालवाद्यांच्या टोकदार आवाजात वीस-तीस मिलिसेकंदांची फट पडली तरी श्रोत्याला ती कळते. तीस मिलिसेकंद म्हणजे ध्वनीच्या प्रवासातले फक्त दहा मीटर!

मग दीडशे माणसं एवढ्या पटांगणात धावत-पळत एकत्र कशी वाजवतात?

समजा, ढोलवाल्यांची रांग मैदानाच्या मध्यभागी मागे आहे आणि आपला मुलगा त्यांच्या बरोबर समोर, सत्तावीस मीटर पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून उभा आहे. मागचा ठोका त्याच्यापर्यंत यायला सुमारे ७८ मिलिसेकंद लागतील, म्हणजे १८० च्या लयीत जवळजवळ पाव मात्रा. त्यानं समोर उभं राहून हातानं ताल दाखवणाऱ्या ड्रम मेजरकडे बघून वाजवलं, तर प्रकाशाला वेळ जवळजवळ लागतच नसल्यानं तो मागच्यांशी अगदी एकाच क्षणी वाजवेल. तरीही प्रेक्षकांना तो पाव मात्रा घाईत वाटेल, कारण त्याचा आवाज सत्तावीस मीटर आधीच पुढे निघालेला असेल. म्हणून त्याला शिकवतात : डोळे सोड, मागचं ऐक. मागून आलेली ध्वनिलहर कानावरून जाते त्याच क्षणी त्यानं फुंकायचं. मग दोन्ही लहरी खांद्याला खांदा लावून प्रेक्षकांकडे जातात.

आता तोच मुलगा धावत बाजूला, ढोलांपासून चाळीस मीटर डावीकडे गेला. तिथं नियम बदलतो. ढोलांचा आवाज त्याच्यापर्यंत ११६ मिलिसेकंद उशिरा येतो, आणि तो ऐकून वाजवलं तर प्रेक्षकांना हा मागे पडलेला वाटेल. इथं कान सोडायचा आणि हाताकडे बघायचं. त्याच्या स्वतःच्या कानात मात्र तो आणि ढोल ठार विसंगत असतात. ड्रम मेजरसुद्धा ढोल ऐकून हात हलवत नाही. तो ढोलांच्या रांगेतल्या मधल्या स्नेअरवाल्याची, म्हणजे छोटा खणखणीत ढोल वाजवणाऱ्याची, पावलं बघतो.

मला यातलं सगळ्यात विलक्षण काय वाटतं सांगू? मैदानावर उभ्या असलेल्या एकालाही ती रचना जशी आहे तशी ऐकू येत नाही. प्रत्येकाच्या कानात तिची वेगळी, मोडकी प्रत असते. प्रत्येकजण आपल्या कानाला खोटं ठरवून, इतरांनी आपापली जागा धरली असेल या भरवशावर वाजवतो. पावलाचंही तेच. पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे प्रत्येक पाऊल २२.५ इंचांचं. प्रत्येकाकडे एक छोटी वही असते, तिच्यात कुठल्या मात्रेला मैदानावर नेमकं कुठं उभं राहायचं ते टिपलेलं असतं. त्या जागेला ते ‘डॉट’ म्हणतात. माझ्या या पुतण्याची वही मी पाहिली आहे. घामानं पानं फुगलेली, कोपरे चिकटपट्टीनं सांधलेले.

मी पुण्यात सात वर्षं ढोल वाजवला. मिरवणुकीत मागच्या रांगेत उभं राहिलं की ताशा उशिरानं येतो, हे टिपरू हातात धरलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पुढच्याच्या खांद्याची हालचाल बघून थाप द्यायला आपण आपोआप शिकतो. नदीपात्रातल्या सरावात हे कुणी गणित मांडून शिकवलं नव्हतं, पण गणित तेच होतं.

हे जमतं कारण मेंदू तालाला प्रतिसाद देत नाही, तो त्याचं भाकीत करतो. आवाज ऐकून बोट हलवायला माणसाला साधारण १५० मिलिसेकंद लागतात. तरी घड्याळी ठोक्याबरोबर बोट आपटायला सांगितलं तर बहुतेक माणसं ठोक्याच्या काही मिलिसेकंद आधीच आपटतात. स्कॅनरमध्ये निश्चल पडून नुसता ताल ऐकला तरी मेंदूतले हालचालीचे भाग, म्हणजे प्रीमोटर कॉर्टेक्स आणि बेसल गँग्लिया, जागे होतात. ताल ऐकणं हीच अर्धी हालचाल आहे. उन्हाळाभर रोज दहा-दहा तास शेजाऱ्याच्या पुढच्या पावलाचं भाकीत करत राहिलं, तर तो शेजारी तुमच्या भाकितयंत्राचा भाग होऊन बसतो.

‘एकत्र तालामुळे वैश्विक ऊर्जा जुळते’, ‘अमुक हर्ट्झला पेशी दुरुस्त होतात’ असले संदेश मलाही येतात. २०२० मध्ये थाळ्यांच्या कंपनांनी विषाणू मरतो असंही फिरत होतं. त्याला काडीचा आधार नाही. ऑक्सिटोसिनला ‘प्रेमाचं संप्रेरक’ म्हणून प्रत्येक मिठीला चिकटवणंही तितकंच उथळ आहे. खरं जे सापडलंय ते याहून साधं आणि माझ्या मते जास्त सुंदर आहे.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी विद्यापीठाच्या बारा नौकानयनपटूंना वल्हवण्याच्या यंत्रांवर कधी एकेकटं, कधी गटानं, ४५ मिनिटं वल्हवायला लावलं. मग दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधून तो फुगवत नेला आणि दुखायला कधी लागतं ते विचारलं. असं आडवळणानं का? एंडॉर्फिन ही शरीरातली वेदनाशामकं रक्तातून मेंदूत आणि मेंदूतून रक्तात सहज जात नाहीत, म्हणून रक्त तपासून मेंदूतलं प्रमाण कळत नाही. वेदना किती सहन होते, यावरून अंदाज बांधावा लागतो. गटानं वल्हवलं तेव्हा, श्रम तेवढेच असूनही, सहनशक्ती जास्त वाढली होती. बारा माणसं म्हणजे नमुना लहानच. पण २०१५ मध्ये ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांना नाचायला लावून केलेल्या प्रयोगातही दिसलं, की श्रमाचा परिणाम वेगळा आणि एकतालात हलण्याचा वेगळा, आणि दोन्हींनी आपल्या गटाबद्दलची जवळीक वाढते.

एज-आउट झालेल्या मुलाकडून नेमकं हे जातं. मित्र फोनवर असतात, वाद्य खोलीत असतं. पण तो अनुभव एकट्यानं घेता येत नाही, आणि तीच दीडशे माणसं त्याच जागांवर पुन्हा कधीच उभी राहणार नसतात. आपल्या पथकांत बाविसाव्या वर्षाचा नियम नाही. नोकरी, बदली, लग्न यांत माणूस हळूहळू गळत जातो आणि आपण शेवटचं कधी वाजवलं हेही त्याला आठवत नाही. तिथं मात्र शेवटची मात्रा कोणती ते वहीत लिहिलेलं असतं.

अशा वेळी माणूस दुःखी असतो की आनंदी? पदवीदानाच्या दिवशी विद्यार्थ्यांना विचारून पाहिलेलं आहे. एरवीच्या दिवसापेक्षा कितीतरी जास्त जणांनी त्या दिवशी दोन्ही एकाच वेळी वाटतंय असं सांगितलं. शेवट जवळ आलाय याची जाणीव करून दिली की हा मिश्र भाव आणखी वाढतो, असंही दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं. त्यामुळे “एवढं सुरेख वाजवलंत, मग रडतोस कशाला” या प्रश्नातला ‘मग’ काढून टाकला पाहिजे. सुरेख वाजवलं आणि रडतोय, एवढंच.

गेल्या ऑगस्टमध्ये पुतण्या पुन्हा त्याच स्टेडियममध्ये गेला, या वेळी तिकीट काढून. मधल्या स्टँडमध्ये, वरच्या बाजूला बसला. त्याच्या जुन्या पथकानं सुरुवात केली आणि पहिल्यांदाच ढोल, डावीकडची टोकं, पुढची रांग, सगळं त्याच्या कानात एकाच क्षणी आलं. चार वर्षं तो मैदानात होता, पण हे त्यानं कधी ऐकलं नव्हतं. रात्री त्यानं मला फोन केला. बराच वेळ काही बोलेना. मग म्हणाला, “काका, आम्ही बरोबर वाजवत होतो.”