सामायिक वापरकर्ता खाती (शोधपत्रिका प्रकाशन प्रणाली)

लेखक, परीक्षक किंवा संपादक यांना एकाच खात्यावरून एकाहून अधिक शोधपत्रिकांचे काम करता यावे म्हणून केलेली व्यवस्था. सातबाऱ्यावरच्या सामायिक खातेदारांशी तिची गल्लत करू नये. तिथे एका खात्यात अनेक माणसे असतात. इथे एका माणसाचे एक खाते अनेक ठिकाणी चालते. संपादक मंडळाने एकच पासवर्ड आपसात वाटून घेणे हेही यात बसत नाही. ते टाळलेच पाहिजे, कारण मग लेख कोणी स्वीकारला आणि कोणी नाकारला याची नोंद विश्वासार्ह राहत नाही.

या व्यवस्थेचे परिचित उदाहरण म्हणजे ओपन जर्नल सिस्टिम्स (ओजेएस) हे मुक्त सॉफ्टवेअर. जॉन विलिन्स्की यांनी १९९८ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात सुरू केलेल्या पब्लिक नॉलेज प्रोजेक्टने ते घडवले. सर्व्हरवर ओजेएस एकदाच बसवून त्यात अनेक पत्रिका चालवता येतात. खाते सगळ्यांसाठी एक, भूमिका मात्र पत्रिकेगणिक वेगळी: एकच प्राध्यापिका एका पत्रिकेची संपादक, दुसरीची परीक्षक आणि तिसरीची केवळ लेखक असू शकते. पहिल्या पत्रिकेतले अधिकार दुसरीत आपोआप मिळत नाहीत. ओळख माणसाची आणि अधिकार पत्रिकेचा, ही विभागणी हेच या रचनेचे खरे बळ आहे. तिच्यामुळेच, एका पत्रिकेच्या व्यवस्थापकाला आपल्या ताब्याबाहेरच्या पत्रिकेतही भूमिका असलेल्या व्यक्तीची माहिती परस्पर बदलता येत नाही. व्यवस्थापकांना हे अडचणीचे वाटते, पण खाते त्यांच्या एकट्याच्या मालकीचे नसते.

प्रणाल्याच वेगळ्या असल्या की काम अवघड होते. याच प्रकल्पाची ग्रंथांसाठी ओपन मोनोग्राफ प्रेस आणि पूर्वमुद्रितांसाठी (परीक्षणाआधीच खुल्या केलेल्या लेखांसाठी) ओपन प्रीप्रिंट सिस्टिम्स अशी भावंडे आहेत. एका विद्यापीठाकडे पत्रिका आणि ग्रंथ दोन्ही असतील, तर लेखकाला दोनदा नोंदणी करावी लागते. अशा वेळी दोन्ही सॉफ्टवेअरनी डेटाबेसमधला वापरकर्त्यांचा एकच तक्ता वापरावा, असा विचार हमखास पुढे येतो. तो धोक्याचा आहे. दोन्हींचा पाया समान असल्याने अनेक तक्त्यांची नावे सारखीच असतात, आणि दोघे आपापल्या वापरकर्त्यांना क्रमांक एकपासून देतात. त्यामुळे पत्रिकेतला ५७ क्रमांक आणि ग्रंथविभागातला ५७ क्रमांक या दोन निराळ्या व्यक्ती असतात. त्यात एका सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की तक्त्याची रचना बदलते आणि दुसरे बंद पडू शकते.

पासवर्ड एकीकडून दुसरीकडे उचलून नेतानाही घोटाळा होतो. ओजेएसच्या जुन्या, दुसऱ्या मालिकेत पासवर्डचे सांकेतिक रूप वापरकर्तानाव आणि पासवर्ड एकत्र करून काढले जाई. साहजिकच, नाव बदलले की बरोबर पासवर्डही चुकीचा ठरे. पुढे वापरकर्तानाव न मिसळणारी बीक्रिप्ट पद्धत आल्यावर तो प्रश्न उरला नाही.

म्हणून ओळख तपासण्याचे काम तिसऱ्याच ठिकाणी सोपवणे श्रेयस्कर. संस्थेची एलडॅप निर्देशिका (सदस्यांच्या खात्यांची मध्यवर्ती यादी), किंवा शिबोलेथ वा ओपनआयडी कनेक्ट या एकाच लॉगिनने अनेक ठिकाणी प्रवेश देणाऱ्या पद्धतींवर चालणारा सर्व्हर ‘ही व्यक्ती तीच आहे’ एवढेच सांगतो. कोणाला कोणती भूमिका द्यायची ते प्रत्येक प्रणाली स्वतः ठरवते. मात्र परीक्षक बहुधा बाहेरच्या संस्थांतले असतात. त्यांची नावे यजमान विद्यापीठाच्या निर्देशिकेत नसतात, त्यामुळे स्थानिक लॉगिनची वाटही उघडी ठेवावी लागते.

संशोधकांना २०१२ पासून मिळणारा ऑर्किड हा १६ अंकी ओळखक्रमांक इथे उपयोगी पडतो (शेवटच्या जागी कधी एक्स हे अक्षर असते). मराठी लेखकांना त्याची गरज विशेष आहे. कोणी वडिलांचे नाव मधे लिहितो, कोणी नुसती आद्याक्षरे; लग्नानंतर आडनाव बदललेल्या लेखिकेचे जुने लेख वेगळ्याच नावावर राहतात; रोमन लिपीत तर एकाच आडनावाची दोन-तीन रूपे होतात. नावावरून खाती जुळवणे म्हणूनच बेभरवशाचे.

एकाच व्यक्तीची दोन खाती झालीच, तर ओजेएसमध्ये ती विलीन करण्याची सोय आहे. एका खात्यावरचे लेख आणि परीक्षणे दुसऱ्यावर जातात, पहिले खाते पुसले जाते, आणि ही क्रिया उलटवता येत नाही. त्यामुळे विलीनीकरणाआधी डेटाबेसची प्रत काढून ठेवावी आणि त्या व्यक्तीला ईमेलने विचारून खात्री करून घ्यावी.